टाकीवर लावलेली इन्फिनिटी

“रिंग शेवटपर्यंत फिरवायची, अडली की थांबायचं आणि बटण दाबायचं. मी एवढंच करणार आहे,” परचुरे सर म्हणाले. “बाकीचं सगळं तुझ्याकडे.”

मंगळवारची दुपार होती. काउंटरवर त्यांची तीनशे एम. एम.ची लेन्स होती, वीतभर लांब, काळी, जड. आत बुरशी धरली होती. रविवारी सकाळी आठ वाजता त्यांना त्या लेन्सने एक फोटो काढायचा होता. सर गणिताचे निवृत्त शिक्षक, वय पंचाहत्तरच्या पुढे, राहायला कोथरूडला. दोन्ही डोळ्यांत अगदी मधोमध डाग पडलेले. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. बोलताना ते समोरच्याच्या कानाकडे बघतात, तेव्हा कुठे त्यांना चेहरा थोडा कळतो. असा माणूस फोकस करू शकत नाही. म्हणून रिंग शेवटपर्यंत फिरवायची. त्या शेवटाला आमच्या कामात इन्फिनिटी म्हणतात.

मी बुधवार पेठेत भोसेकर काकांच्या दुकानात कॅमेरे दुरुस्त करतो. डिजिटल आल्यावर आमच्या ओळीतली बाकीची दुकानं मोबाइलची झाली. आमचं राहिलं, कारण काकांना दुसरं काही करायचं नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. आता कॉलेजातली मुलं आजोबांचे रोलचे कॅमेरे घेऊन येतात, त्यामुळे काम बरं चालतं.

लेन्सच्या रिंगवर आकडे असतात. पाच मीटर, दहा, तीस. सगळ्यात शेवटी आडवा पडलेला आठ. तो इन्फिनिटीचा. पाच मीटरवरचा माणूस आणि दहा मीटरवरचा माणूस यांच्यासाठी रिंग वेगवेगळी फिरवावी लागते. पण वस्तू जसजशी लांब जाते, तसतसं फिरवणं कमी होत जातं. एका अंतरानंतर लेन्सला सगळं लांबचं सारखंच वाटतं. डोंगर असो, ढग असो, तारा असो, रिंग आडव्या आठावर. तिथे आत एक छोटा अडसर असतो, रिंग पुढे जात नाही. लेन्स उघडून परत बसवली की हा शेवट नव्याने जुळवावा लागतो. त्याला आम्ही म्हणतो इन्फिनिटी लावणं. जरा अलीकडे लागली तर “इन्फिनिटी शॉर्ट आहे” म्हणतो, जरा जास्त फिरली तर “इन्फिनिटीच्या पलीकडे जाते” म्हणतो.

हे मी काही वर्षांपूर्वी सरांसमोर बोललो होतो. ते तेव्हा नुसती लेन्स पुसून घ्यायला आले होते.

“इन्फिनिटीच्या पलीकडे?” ते म्हणाले. “म्हणजे कुठे, कात्रजला?”

मी ओशाळलो. मला वाटलं, आपण काहीतरी अडाणीपणाचं बोललो. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. गाव ब्रह्मपुरीकडचं, पुण्यापासून रात्रभर आणि वर अर्धा दिवस गाडीचा प्रवास. सतराव्या वर्षी चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडे लागलो. सात महिन्यांनी ठेका संपला आणि ठेकेदार फोन उचलेना. त्यानंतर भोसेकर काकांनी ठेवून घेतलं. आधी झाडू, मग स्क्रू ड्रायव्हर. टायफॉइड झाला तेव्हा भोसेकर काकूंनी पंधरा दिवस डबा पाठवला, तोही मऊ भाताचा. काकांनी मला कधी जवळ बसवून प्रेमाने काही सांगितलं नाही. पण त्यांनी हाताला धंदा दिला. पुण्यात माझं जे काही आहे, ते त्या दुकानातून आलं आहे. आणि हे सगळं एक दिवस कुणीतरी परत मागेल, अशी धास्ती अजून जात नाही. आई फोनवर विचारते, “काम ठीक चालून रायलं ना?” मी हो म्हणतो आणि फोन ठेवल्यावर उगाच दुकानाची कुलपं आठवतो.

इंग्रजी शब्दांची एक वही मी पहिल्यापासून ठेवली आहे. शब्द मराठीत लिहायचा, पुढे अर्थ. शटर, अपर्चर, ग्रीस. इन्फिनिटीपुढे मी काकांना विचारून लिहिलं होतं, “लांबचं.” सरांनी कात्रज म्हटल्यावर मी धीर करून त्यांना खरा अर्थ विचारला.

सर काउंटरवर टेकले. “एकपासून मोजायला लाग,” म्हणाले. “थकशील, तिथे थांब. जिथे थांबलास ती इन्फिनिटी नव्हे. तुझ्या मुलाने पुढे मोजलं, तो थकला, तीही नव्हे. तो आकडाच नाही. कुठलाही आकडा सांग, तो अपुरा पडतो, एवढंच त्या शब्दाचं म्हणणं आहे.” मग म्हणाले, “अर्थात आमच्या सोसायटीच्या बिल्डरला ती सापडली आहे. त्याच्या पुस्तिकेत लिहिलंय, प्रत्येक फ्लॅटला इन्फिनिटी व्ह्यू. मी नकाशा बघितला. आमच्या खिडकीतून शेजारच्या विंगचं बाथरूम दिसणार आहे.”

वहीत “लांबचं” खोडून मी लिहिलं, “कुठलाही आकडा अपुरा पडतो.” ते मला आवडलं होतं. आवडणं आणि कळणं यात फरक असतो.

आता त्या फोटोबद्दल. सरांच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून सिंहगड दिसायचा. परचुरे काकू दर रविवारी गडावर चालत जायच्या, पुण्यात अशी पुष्कळ माणसं आहेत. सरांचा गुडघा तरुणपणीच एका अपघातात गेला होता, ते कधी चढले नाहीत. काकूंच्या चाळिसाव्या वाढदिवसाला दोघांनी एक गंमत केली. काकू गडावर गेल्या आणि बरोबर आठ वाजता त्यांनी पर्समधला हातात मावेल एवढा आरसा उन्हात धरून कोथरूडच्या दिशेने हलवला. सर गच्चीवर कॅमेरा लावून बसले होते. वीसएक किलोमीटरवरून ती चमक दिसली. त्यांनी फोटो काढला. गडाची रेघ आणि तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका.

मग दर वर्षी वाढदिवसाच्या जवळच्या रविवारी तेच. तोच आरसा, तीच लेन्स, गच्चीवरचा तोच कठडा. तीस फोटो झाले होते. ते सगळे त्यांच्या हॉलच्या भिंतीवर ओळीने लावलेले होते. मी एकदा ट्रायपॉड द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिले. पहिल्या फोटोत मध्ये नुसती माळरानं होती. नंतर इमारती वर येत गेल्या. ठिपका सगळ्यांत होता.

यंदाचा एकतिसावा शेवटचा होता. सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली होती, महिन्याच्या अखेरीस घर रिकामं करायचं होतं. काकूंच्या गुडघ्यांनाही डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलं होतं. त्यांनी डॉक्टरांकडून एक रविवार मागून घेतला होता. आणि सामान बांधताना लेन्स पावसाळाभर पत्र्याच्या ट्रंकेत राहिली, तिला बुरशी लागली. एवढं सगळं जुळून ती लेन्स माझ्यासमोर होती.

“मोबाइलवर नाही का येणार, सर?” मी विचारलं होतं.

“येईल ना,” सर म्हणाले. “भाचा काढणारच आहे. तो त्याचा फोटो. माझे तीस आहेत, मला एकतिसावा हवा.”

बुधवार, गुरुवार काचा साफ करण्यात गेले. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, हलक्या हाताने काढावी लागते, नाहीतर काचेवरचा लेप जातो. आतले आटे, बरणीच्या झाकणाला असतात तसे, जुन्या ग्रीसने चिकट झाले होते. ते धुऊन नवं ग्रीस भरलं. रिंग लोण्यासारखी फिरायला लागली. शुक्रवारी दुपारी चारला फक्त इन्फिनिटी लावायची राहिली.

मोठ्या वर्कशॉपमध्ये यासाठी एक यंत्र असतं. आमच्याकडे गच्ची आहे. कॅमेरा स्टँडवर लावायचा, मागचं झाकण उघडून रोलच्या जागी दुधी काच ठेवायची, तिच्यावर लांबच्या वस्तूचं चित्र उमटतं, ते भिंगातून बघत जुळवायचं आणि तीन बारीक स्क्रू आवळायचे. काकांच्या वडिलांपासून आमची ती लांबची वस्तू म्हणजे पर्वतीच्या देवळाचा कळस. दुकानात “पर्वती बघून आण” म्हटलं की इन्फिनिटी लावून आण असा अर्थ. लांब लेन्स असली की काका हवासुद्धा बघायचे. पर्वती धूसर असेल तर गिऱ्हाइकाला सरळ परत पाठवायचे, “आज देव दिसत नाहीये, उद्या या.”

दोन वर्षांपूर्वी मध्ये एक इमारत उठली. आधी लिफ्टची खोली आली, मग तिच्यावर मोबाइलचा टॉवर, आणि पर्वती गेली. काकांनी चार दिवस चिडचिड केली. मग म्हणाले, “आपल्याकडे आता येतं काय? पन्नासच्या लेन्स. त्यांना समोरची टाकी पुरे.” बोळापलीकडच्या गच्चीवर एक काळी पाण्याची टाकी आहे, तिच्यावर कंपनीचं नाव पांढऱ्या अक्षरांत. दोन वर्षं आम्ही त्या अक्षरांवर इन्फिनिटी लावत होतो. एकही लेन्स परत आली नाही.

काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे इथे नीट सांगितलं पाहिजे. पन्नासची लेन्स साधी, डोळ्याला दिसतं साधारण तेवढंच दाखवणारी. तिला टाकी आणि चंद्र सारखेच लांब. पण तीनशेची लेन्स दूरचं ओढून मोठं करते, त्याबरोबर फोकसची चूकही मोठी करते. तिला टाकी म्हणजे अंगणातली वस्तू. तिची इन्फिनिटी टाकीच्या कितीतरी पुढे सुरू होते. आडवा आठ दोन्ही लेन्सवर एकच छापलेला असतो, पण तो कुठून सुरू होतो ते प्रत्येक लेन्सचं वेगळं.

हे मला माहीत होतं का? पुस्तकात वाचलं नव्हतं. पण हाताला माहीत होतं. लांब लेन्ससाठी काका दिवसदिवस थांबायचे, ते मी बघितलेलं होतं. दोन वर्षांत तीनशेची लेन्स आली नव्हती, म्हणून प्रश्न पडला नव्हता. त्या शुक्रवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर पडला.

मी मागे वळलो. काका एका जुन्या फ्लॅशच्या सोल्डरिंगमध्ये डोकं घालून बसले होते. चष्मा कपाळावर, तोंडात तारेचा तुकडा.

“काका, परचुरे सरांची टाकीवरच लावू ना?”

त्यांनी मान वर केली नाही. “मग काय चंद्रावर लावतोस?”

मी वर गेलो.

काकांच्या टोमण्यांची मला सवय आहे. पुण्यात आल्यावर पहिलं वर्षभर मला ते कळतच नसत, मी खरंच तसं करायला जायचो. मग शिकलो की टोमणा म्हणजे “प्रश्न मूर्खपणाचा आहे, कामाला लाग.” तसा मी कामाला लागलो. पुन्हा खाली जाऊन विचारता आलं असतं, “काका, तीनशेची आहे, म्हणून विचारतो.” एवढं एक वाक्य. पण इतक्या वर्षांत मी काकांना एक गोष्ट दोनदा विचारलेली नाही. ज्याने आपल्याला उभं केलं, त्याला आपल्यावर शंका येईल असं काही करायचं नाही, असा माझा नेम होता. मला तो गुण वाटायचा.

गच्चीवर ऊन उतरलं होतं. दुधी काचेवर टाकीवरची अक्षरं उलटी उमटली. मी रिंग शेवटाला नेली, जुळवली, भिंग लावलं. अक्षरांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. टाकीवर बसलेल्या कबुतराच्या मानेवरची चमकसुद्धा दिसत होती. मला बरं वाटलं. तीन स्क्रू आवळले, त्यांवर लाखेचा थेंब ठेवला.

मान वर केली तर टाकीच्या बरोबर वर चंद्र होता. दिवसाउजेडीचा, फिकट, पापडाच्या तुकड्यासारखा. काकांचं बोलणं आठवून मला हसूसुद्धा आलं. स्टँड थोडा वर कलवला असता तर झालं असतं. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि खाली आलो.

शनिवारी सर रिक्षाने आले. लेन्स हातात घेऊन त्यांनी रिंग फिरवली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून की काय, त्यांची बोटं फार बारकाईने बघतात. शेवटाला रिंग टक् करून थांबली.

“इथे इन्फिनिटी?”

“हो सर.”

“तपासलीस ना? मला काही कळणार नाही, बघ. तुझ्याच डोळ्यांवर काढणार आहे.”

“हो सर. एकदम शार्प आहे.”

रविवारी मला सुट्टी. मी वडगावला राहतो, तिथल्या चौकातून गड स्वच्छ दिसतो. सकाळी आठला मुद्दाम चौकात जाऊन उभा राहिलो. हवा धुतल्यासारखी होती. गडावरचा टीव्हीचा मनोरा काडीसारखा वेगळा दिसत होता. आरशाची चमक कोथरूडकडे असते, मला दिसणार नव्हती. पण आत्ता काकू वर उभ्या असतील, आत्ता सर बटण दाबत असतील, आणि मधलं काम आपलं आहे, असं वाटून मला फार धन्य वाटलं. मी टपरीवर एकाऐवजी दोन चहा प्यायलो.

सरांनी रोल आमच्याच दुकानात पाठवला. लॅबमधून रोल धुऊन यायला आता वेळ लागतो. दहाएक दिवसांनी पाकीट आलं. मी दुकान उघडल्या उघडल्या निगेटिव्ह काचेच्या दिव्यावर ठेवली आणि भिंग लावलं. चार फोटो होते. चारही सारखे. गडाची रेघच नव्हती. ओल्या कागदावर शाई फुटावी तसा एक पट्टा होता. आणि मधोमध, जिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका हवा, तिथे एक गोल होता. अगदी स्वच्छ, कंपासने काढल्यासारखा गोल. फोकसबाहेर गेलेला उजेडाचा ठिपका असाच पसरतो. त्या गोलाच्या आकारावरून, किती चुकलंय ते आम्हाला कळतं.

मला पहिल्या क्षणी कळलं. तरी मी लेन्सचा विचार करण्याआधी रोलचा केला, सरांच्या हाताचा केला, लॅबचा केला. मग जिना चढून गच्चीवर गेलो आणि टाकीकडे बघत बसलो. नंतर खाली उतरून, बोळ ओलांडून, त्या बिल्डिंगपर्यंत पावलं मोजली. एकशे दहा.

काकांना निगेटिव्ह दाखवली. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. भिंग खाली ठेवलं, रुमालाने पुसलं, डबीत घातलं. त्या दिवशी त्यांनी मला एकही टोमणा मारला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी एक गोष्ट केली, ती लिहायची लाज वाटते. फोटो छापून घेताना मी लहान छापायला सांगितला. बाकीचे तीस मोठे होते. लहान छापला की धूसरपणा कमी दिसतो. सरांना मधलं दिसत नाही, हे मला माहीत होतं. ते माहीत होतं म्हणूनच केलं.

सर आणि काकू दोघं आले. तोपर्यंत घर सोडून ते वारज्याला भाड्याने गेले होते. जुन्या बिल्डिंगच्या खिडक्या काढून नेल्या, असं काकूंनी आल्या आल्या सांगितलं, जसं कुणाच्या तरी आजारपणाबद्दल सांगतात. काकू ठेंगण्या, सडपातळ, हातातली काठी नवी होती आणि तिची त्यांना सवय नव्हती. ती सारखी काउंटरवरून घसरत होती.

सरांनी फोटो हातात घेतला, तिरपा धरला, डोळ्याच्या कडेने बघितला. “लहान का?”

“सर, त्या दिवशी जरा धुकं होतं,” मी म्हणालो. “त्यामुळे थोडा सॉफ्ट आलाय.”

काकूंनी फोटो त्यांच्या हातातून घेतला. बघितला. त्या चिडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “धुकं नव्हतं रे. मला वरून कोथरूडच्या टेकडीवरची झाडं दिसत होती. मी ह्यांना फोनवर सांगितलं पण.”

मग त्या सरांना सांगू लागल्या, फोटोत काय आहे ते, हळू आवाजात, पेपर वाचून दाखवतात तसं. गड दिसत नाही. मनोरा दिसत नाही. मधे एक पांढरट गोल आहे, मोहरीएवढा. सर ऐकत होते. ऐकून झाल्यावर माझ्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं,

“इन्फिनिटी कशावर लावलीस?”

“समोरच्या टाकीवर.”

“किती लांब?”

“एकशे दहा पावलं.”

त्यांनी मान हलवली. वर्गात मुलाचं उत्तर ऐकून हलवत असतील तशी. “म्हणजे एकशे दहा पावलांपर्यंत ही मला दिसली असती.” आणि मग, “मालकांना विचारलं नाहीस?”

काका मागे त्यांच्या स्टुलावर होते, पाठ आमच्याकडे. मला वाटलं, हा एक तरी प्रश्न असा आहे की ज्याचं उत्तर देऊन मी कुणाचं तरी काही फेडू शकतो.

“नाही सर. मीच लावली.”

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. काका उठून काउंटरपाशी आले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकापुढे त्यांना हात बांधून उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

“विचारलं होतं त्याने,” काका म्हणाले. “टाकीवर लावू का म्हणून. मी म्हटलं, मग काय चंद्रावर लावतोस?”

काकूंची काठी पुन्हा घसरली, ती मी उचलून दिली.

“बरोबर सांगितलं होतंत,” सर म्हणाले. “चंद्रावर लावली असती तर आला असता फोटो.”

ते टोचून म्हणाले नाहीत. गणित तपासून म्हणाले.

मी मग घाईघाईने बोलायला लागलो. लेन्स पुन्हा लावून देतो, आत्ता देतो. टेकडीवर जाऊ, तिथून गड दिसतो, मी कॅमेरा धरतो, काकू गाडीने वर जातील, रस्ता आहे. काकूंनी मला थांबवलं. “गाडीने जाऊन आरसा दाखवायचा म्हणजे कॉपी केल्यासारखं आहे,” म्हणाल्या. “आणि हे तीस गच्चीवरचे आहेत. गच्ची कुठून आणणार तू?” बोलताना त्या हसल्या. माझी समजूत काढत होत्या. खरं तर ते काम माझं होतं.

जाताना सरांनी फोटो पाकिटात घालून खिशात ठेवला. लेन्स काउंटरवरच राहू दिली. “राहू दे तुझ्याकडे,” म्हणाले. “कुणा शिकणाऱ्याला दे.” पायरी उतरताना काकू त्यांना पुढचं सांगत होत्या आणि ते त्यांच्या खांद्याला धरून चालले होते. समोर मोबाइलच्या दुकानांची गर्दी होती. त्या गर्दीत वीस-पंचवीस पावलांवर ते मला दिसेनासे झाले.

त्यानंतर काकांनी एक नियम केला. शंभरच्या वरची लेन्स असली की दुकान सोडून पर्वतीवर जायचं आणि तिथून सिंहगडावर लावायची. अर्धा दिवस मोडतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. काका म्हणतात, “घाई असेल तर टाकी आहे समोर, स्वतः लावून घ्या.” आणखी एक बदल झाला. मी विचारलं की आता ते चष्मा खाली घेऊन, मान वर करून उत्तर देतात.

सरांची लेन्स मी उघडून पुन्हा लावली. संध्याकाळी पाचला, चंद्रावर. नंतर एका रविवारी सकाळी आठला कोथरूडच्या टेकडीवर नेऊन बघितली. गडाची रेघ सुईने ओढल्यासारखी दिसली. मनोरा दिसला. गडाच्या तटाशी उभी असलेली माणसं टिंबांएवढी, पण वेगवेगळी मोजता आली. मी पावणेनऊपर्यंत तिथे उभा होतो. लेन्समध्ये आता काही दोष नाही.

वहीत इन्फिनिटीपुढे तिसऱ्यांदा लिहिलं आहे. आधीचं खोडलं नाही, त्याच्याखाली लिहिलं. “लेन्स बघून ठरवायची. एकशे दहा पावलं अपुरी. शंका आली तर दुसऱ्यांदा विचारायचं, मग समोर कोणीही असो.”